काल्पनिक चिलखत-धातू

काल्पनिक चिलखत-धातू म्हणजे चित्रकथांतील (कॉमिक्स) महानायकांच्या चिलखतांसाठी, ढालींसाठी व शस्त्रांसाठी लेखकांनी कल्पिलेली द्रव्ये होत. व्हायब्रेनियम आणि अ‍ॅडमँटियम ही त्यांतील सर्वांत परिचित नावे. असे द्रव्य निवडताना ते किती बळकट असावे हे ठरविणे सोपे असते. ते कोठे अपुरे पडावे हे ठरविणे अवघड. कशानेही न भेदले जाणारे चिलखत नायकाला सुरक्षित करते, पण कथेतील संकटच नाहीसे करते.

भारतीय परंपरा

ही अडचण भारतीय कथाकारांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. महाभारतातील कर्ण कवचकुंडलांसह जन्मतो. वनपर्वात सूर्य त्याला ही कवचकुंडले अमृतापासून उत्पन्न झाल्याचे सांगतो. म्हणजे द्रव्याचे मूळही कथेत दिलेले आहे. कवच अभेद्य असल्याने ते युद्धात फोडण्याचा मार्ग उरत नाही, म्हणून इंद्र ब्राह्मणवेषाने येऊन ते दान मागतो. कर्ण ते अंगावरून कापून देतो आणि मोबदल्यात एकदाच वापरता येणारी शक्ती मिळवितो. ती पुढे घटोत्कचावर खर्च होते. कवचाचे कथेतील सारे मोल त्याच्या त्यागात आहे. गांधारीच्या दृष्टीने वज्रासारखा झालेला दुर्योधनाचा देह आणि त्यात कच्ची राहिलेली मांडी ही लोकप्रिय कथाही याच जातीची आहे, मात्र ती महाभारताच्या प्रमाण संहितेत नाही. इंद्राचे वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे, म्हणजे तेथे द्रव्याची किंमत एका प्राणाने मोजलेली आहे.

इतिहासातील चिलखत मात्र लोखंडी कड्यांचे असे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते व खानाचा वार त्यावर निभावला, असे सभासद बखरीत आले आहे.

अमेरिकी चित्रकथा

मराठी वाचकांना महानायकांची ओळख मुख्यतः १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे झाली. परंतु त्यातील वेताळ चिलखत वापरत नसे. चिलखतधारी नायकांमध्ये आयर्न मॅन प्रमुख आहे. मार्च १९६३ च्या पहिल्या कथेत त्याचे चिलखत करड्या रंगाचे होते. पुढच्याच कथेत ते सोनेरी झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लाल-सोनेरी रूप आले.

व्हायब्रेनियम १९६६ मध्ये वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या संदर्भात पुढे आले. ते कंपने शोषून घेते, हा त्याचा मुख्य गुण. ही कल्पना वरवर वाटते त्याहून अधिक विचारपूर्वक केलेली आहे. कठीण पत्रा तलवारीची धार अडवितो, पण आघात आतल्या देहापर्यंत पोहोचतोच; म्हणून खऱ्या चिलखताखाली कापूस भरलेला जाड अंगरखा घालीत. व्हायब्रेनियमने नेमकी ही उणीव भरून काढली. शोषलेली ऊर्जा जाते कोठे, हा प्रश्न मात्र उरतो. नंतरच्या काही कथांत ती साठवून परत फेकली जाते.

अ‍ॅडमँटियम १९६९ मध्ये रॉय टॉमस यांच्या कथेत आले. त्याचे नाव ‘न दमणारे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले आहे. वुल्व्हरिन या पात्राच्या हाडांवर त्याचा लेप आहे. ते तुटत नाही, तथापि धातू असल्याने चुंबकशक्तीच्या अधीन राहते. १९९३ च्या एका कथेत मॅग्नेटो ते वुल्व्हरिनच्या शरीरातून ओढून काढतो. चांगल्या काल्पनिक द्रव्याची हीच खूण म्हणता येईल: त्याचे वैगुण्य त्याच्या गुणातूनच निघते, लेखकाला ते आयत्या वेळी बाहेरून आणावे लागत नाही.

वजनाचा हिशेब

प्रौढ मनुष्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.८ चौरस मीटर असते. तेवढ्यावर २ मिलिमीटर जाडीचा पत्रा बसविल्यास पोलादाचे चिलखत सुमारे २८ किलोग्रॅम, टायटॅनियमचे १६, तर सोन्याचे जवळजवळ ७० किलोग्रॅम भरेल. सोन्याचे चिलखत चित्रात शोभते. ते घालून उडणे दूरच, चालणेही कठीण. २००८ च्या ‘आयर्न मॅन’ चित्रपटात सोने व टायटॅनियम यांचा मिश्रधातू दाखविला आहे. उंचीवर चिलखतावर बर्फ साचू नये, हे त्यामागील कारण कथेतच दिले आहे. २०१६ मध्ये संशोधकांना या दोन धातूंचे एक संयुग शुद्ध टायटॅनियमच्या सुमारे चौपट कठीण असल्याचे आढळले.

भंडारा जिल्हा आणि मँगनीज पोलाद

काल्पनिक धातूंच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या खऱ्या द्रव्यांपैकी एक म्हणजे मँगनीज पोलाद. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी शेफील्ड येथे १८८२ मध्ये ते तयार केले. त्यात सुमारे १२ ते १४ टक्के मँगनीज असते. त्यावर जितके घाव पडतील तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो, हा गुण एखाद्या चित्रकथेतच शोभावा असा आहे. शिवाय ते जवळजवळ अचुंबकीय असते. मॅग्नेटोपुढे ते अ‍ॅडमँटियमपेक्षा उजवे ठरले असते. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या अखेरीपासून ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणे याच पोलादाची बनू लागली.

मँगनीजचे मोठे साठे भंडारा जिल्ह्यात आहेत. पवनी तालुक्यातील अड्याळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, तर चिखला व डोंगरी बुजुर्ग या खाणी उत्तरेकडील तुमसर तालुक्यात आहेत. दोन्ही खाणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या मॉइल या सरकारी कंपनीच्या आहेत. चिखला येथे भूमिगत, तर डोंगरी बुजुर्ग येथे उघड्या पद्धतीने उत्खनन चालते. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या विद्युतघटांसाठी, म्हणजे विजेरीच्या सेलसाठी, वापरले जाते. आरंभीच्या कथांत आयर्न मॅनही आपले चिलखत भिंतीवरील साध्या विद्युतजोडणीतून भारित करून घेत असे.