थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये मेल फोल्डर उघडत नाही? काहीही डिलीट करण्याआधी हे वाचा



फोनवर मेलचं ॲप अडकलं की आपण काय करतो? डेटा क्लिअर, अनइन्स्टॉल, परत इन्स्टॉल, लॉगिन. दोन मिनिटांत सगळे मेल परत दिसतात, कारण ते फोनमध्ये नसतातच, सर्व्हरवर असतात.

हीच सवय मी सांगलीला मामांच्या प्रिंटिंग प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर वापरली आणि चांगलाच फसलो. त्यांच्या थंडरबर्डमध्ये इनबॉक्स रिकामा दिसत होता आणि नवीन मेल घेताना एरर येत होता. इंजिनिअर भाचा घरी आलाय म्हटल्यावर काम माझ्याकडेच आलं. मी अकाउंट काढून टाकलं, काढताना ‘मेसेज डेटा पण काढा’ या चौकटीत टिक केलं आणि अकाउंट नव्याने जोडलं. मेल परत आलेच नाहीत. इनबॉक्सची फाइल नंतर अँटीव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये सापडली, ती वाचली. पण ‘सेंट’ फोल्डर मी स्वतःच्या हाताने उडवला होता. रिसायकल बिनमध्येही तो नव्हता. मामा एवढंच म्हणाले, “अरे, त्यात २०१३ पासूनची कोटेशनं होती.”

चूक प्रोग्रामची नव्हती, माझी होती. तुम्ही इंटर्नशिपला किंवा पहिल्या नोकरीला लागलात की डेस्कटॉपवरचा मेल प्रोग्राम समोर येतोच. घरच्या दुकानातला कॉम्प्युटरही कधीतरी तुमच्याकडेच येणार. म्हणून हा लेख.

आधी हे बघा: मेल नक्की कुठे आहेत?

डेस्कटॉप प्रोग्राममध्ये अकाउंट साधारण दोन पद्धतींनी जोडलेलं असतं.

- आयमॅप: मूळ मेल सर्व्हरवर असतात, कॉम्प्युटरवर त्यांची प्रत असते. इथलं काही बिघडलं तरी मेल परत उतरवता येतात.
- पॉप: मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरतात. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हे सेटिंग बंद असेल तर जगातली एकमेव प्रत त्या हार्ड डिस्कवर असते. पाठवलेले मेलही तिथेच असतात.

थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज → सर्व्हर सेटिंग्ज इथे ‘सर्व्हर टाइप’ लिहिलेला असतो. तिथे पॉप दिसलं तर हात आखडता घ्या. ‘लोकल फोल्डर्स’ नावाखाली ठेवलेले मेलही फक्त कॉम्प्युटरवरच असतात, अकाउंट आयमॅप असलं तरी.

दुसरं काम: कॉपी

थंडरबर्डचं सगळं सामान ‘प्रोफाइल’ नावाच्या एका फोल्डरमध्ये असतं. हेल्प → ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन इथे गेलात की ‘प्रोफाइल फोल्डर’समोर तो उघडायचं बटण मिळतं. प्रोग्राम चालूच होत नसेल तर विंडोजमध्ये सी ड्राइव्ह → यूजर्स → तुमचं नाव → ॲपडेटा → रोमिंग → थंडरबर्ड → प्रोफाइल्स असं जा. ॲपडेटा फोल्डर लपवलेला असतो, त्यामुळे फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ सुरू करा.

आता थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खा प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. पेन ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही, मग ड्राइव्हमध्ये कितीही जागा असू दे. अशा वेळी एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटचा ड्राइव्ह घ्या.

कॉपी झाली? आता दुरुस्तीला हात घाला.

दोन फाइल्समधला फरक

हा भाग नीट वाचा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. थंडरबर्डमधल्या प्रत्येक मेल फोल्डरच्या डिस्कवर साधारण दोन फाइल्स असतात. एकीचं नाव नुसतं ‘इनबॉक्स’, पुढे काही एक्स्टेंशन नाही. खरे मेल यात एकाखाली एक लिहिलेले असतात. दुसरी ‘इनबॉक्स डॉट एमएसएफ’. ही फक्त अनुक्रमणिका आहे.

पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तर पानं मोजून नवीन बनवता येते. पानंच फाडली तर अनुक्रमणिकेचा उपयोग काय? म्हणून एमएसएफ फाइल डिलीट झाली तरी चालते, थंडरबर्ड नवीन बनवतो. नुसत्या नावाची फाइल मात्र कधीच डिलीट करायची नाही.

कोणती अडचण, काय उपाय?

१. फोल्डर दिसतो, पण मेल रिकामे, अर्धवट किंवा भलतेच उघडतात. बहुतेक वेळा अनुक्रमणिका बिघडलेली असते. फोल्डरवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → ‘रिपेअर फोल्डर’. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवरून परत उतरतात, त्यामुळे मोठ्या फोल्डरला वेळ लागतो. मध्येच बंद करू नका.

२. ‘थंडरबर्ड आधीच चालू आहे’ असा मेसेज. मागच्या वेळी प्रोग्राम नीट बंद झालेला नसतो. टास्क मॅनेजर उघडून थंडरबर्डची प्रोसेस बंद करा. तरी तोच मेसेज आला तर प्रोफाइल फोल्डरमधली ‘पॅरेंट डॉट लॉक’ ही फाइल डिलीट करा. ती नुसती कुलुपाची खूण आहे, त्यात मेल नसतात.

३. ‘मेलबॉक्समध्ये लिहिता येत नाही’ असा मेसेज. तीन गोष्टी तपासा. पहिली, डिस्कवर जागा आहे का? दुसरी, मेलची फाइल ‘रीड ओन्ली’ झाली आहे का? इथे फोल्डरची नाही, फाइलची प्रॉपर्टीज बघा. विंडोज फोल्डरसमोर ती खूण नेहमीच अर्धवट भरलेली दाखवतो. तिसरी, परवानगी. जुन्या कॉम्प्युटरवरून प्रोफाइल कॉपी करून आणली असेल तर ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये तुमच्या यूजरला ‘फुल कंट्रोल’ आहे का ते बघा.

४. ‘प्रोफाइल लोड होत नाही’ असा मेसेज. प्रोफाइल फोल्डर कोणीतरी हलवलाय किंवा त्याचं नाव बदललंय. तो जुन्या जागी, जुन्या नावाने परत ठेवा.

५. इनबॉक्स एका दिवसात अचानक रिकामा. हीच मामांची केस. सगळे मेल एकाच फाइलमध्ये असल्यामुळे एका मेलला व्हायरसची अटॅचमेंट असली तरी अँटीव्हायरस अख्खी फाइल उचलून नेऊ शकतो. उपाय असा:

- थंडरबर्ड बंद करा.
- प्रोफाइलमध्ये नवीन, रिकामी इनबॉक्स फाइल तयार झाली असेल तर तिचं नाव बदला. नाहीतर दोन्ही फाइल्सची टक्कर होते. मधल्या काळात नवीन मेल आले असतील तर तेही याच फाइलमध्ये आहेत, म्हणून ती टाकू नका.
- अँटीव्हायरसच्या क्वारंटाइन यादीतून जुनी फाइल मूळ जागी रिस्टोअर करा आणि तिची एमएसएफ डिलीट करा.
- प्रोफाइल फोल्डर अँटीव्हायरसच्या अपवाद यादीत टाका. मग थंडरबर्ड उघडून तो व्हायरसवाला मेल डिलीट करा, ट्रॅश रिकामा करा आणि फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करा.

कॉम्पॅक्ट का? डिलीट केलेला मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत फाइलमधून खरा जात नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: चुकून कामाचे मेल डिलीट झाले असतील तर कॉम्पॅक्टला हात लावू नका.

६. आयमॅपवर एखादा फोल्डर दिसतच नाही. अकाउंटवर राइट क्लिक → ‘सबस्क्राइब’ → यादीत त्या फोल्डरवर टिक करा. जीमेल असेल तर वेबवरच्या सेटिंगमध्ये लेबल्स टॅबवर ‘आयमॅपमध्ये दाखवा’ ही टिक आहे का तेही बघा.

७. जीमेल मध्येमध्ये कनेक्शन नाकारतं. जीमेल एका अकाउंटला एकाच वेळी १५ आयमॅप कनेक्शन देतं. थंडरबर्ड एकटाच ५ पर्यंत घेतो. तीन कॉम्प्युटरवर एकच अकाउंट असेल तर १५ तिथेच संपले, फोन राहिला बाजूला. सर्व्हर सेटिंग्जच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये हा आकडा १ किंवा २ करा.

आउटलुक वापरत असाल तर

क्लासिक आउटलुकमध्येही तोच प्रश्न विचारा: मूळ कोणतं, प्रत कोणती? ‘ओएसटी’ फाइल ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते. ती बिघडली तर आउटलुक बंद करून तिचं नाव बदला, नवीन तयार होते. मात्र ज्या गोष्टी अजून सर्व्हरवर गेल्या नसतील त्या नवीन फाइलमध्ये येणार नाहीत, म्हणून जुनी ठेवून द्या. ‘पीएसटी’ फाइल मात्र मूळ असू शकते. ती कधी डिलीट करू नका.

पीएसटी उघडत नसेल तर आउटलुकसोबत येणारं ‘स्कॅनपीएसटी’ हे टूल चालवा आणि दुरुस्तीआधी बॅकअप घेण्याची टिक तशीच राहू द्या. फाइलचा आकारही बघा: आउटलुक २०१० पासून पीएसटीची ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे, २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी होती. चालू पीएसटी किंवा थंडरबर्डचा प्रोफाइल क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. प्रोग्राम फाइलमध्ये लिहीत असताना सिंकही तीच फाइल धरून बसतं आणि फोल्डर अडकतो. बंद करून घेतलेला बॅकअप तिथे ठेवायला हरकत नाही.

थोडक्यात क्रम

१. पॉप की आयमॅप ते बघा.
२. प्रोग्राम बंद करून कॉपी घ्या.
३. डिस्क, परवानगी, अँटीव्हायरस तपासा.
४. मगच रिपेअर.
५. अकाउंट काढायची वेळ आलीच तर ‘डेटा पण काढा’वर टिक नको.

मामांच्या कॉम्प्युटरवर आता दर रविवारी प्रोफाइल दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी होतो. गेलेली कोटेशनं काही परत आली नाहीत. जुनं गिऱ्हाईक आलं की मामा त्याच्याच मेलमधून जुना दर शोधायला सांगतात. तुमच्या घरी किंवा दुकानात असा कॉम्प्युटर असेल तर एरर यायची वाट बघू नका. आज पहिल्या दोन पायऱ्या करून ठेवा, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.