कात, जाळी आणि न कुजणारी दलदल

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आयर्लंडच्या बऱ्याच भागात हजारभरच. तरी अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे, म्हणजे पीटचे, कित्येक मीटर जाड थर साचले ते तिकडे. आमच्याकडचा पाला मात्र मातीत जिरून जातो. असं का, हे मला कातामुळे उमगलं.

चिपळूणजवळ सावर्डे परिसरात खैरापासून कात बनतो. विड्यापलीकडेही त्याला इतिहास आहे. हम्फ्री डेव्हीनं 1803 साली कातडी कमावण्यावर निबंध लिहिला. त्यात त्यानं मुंबई आणि बंगालकडचा कात तपासला होता. 200 ग्रेनमागे टॅनिन भरलं अनुक्रमे 109 आणि 97 ग्रेन. पुढे ब्रिटिश मच्छीमार सुती जाळी कुजू नयेत म्हणून कातात उकळू लागले. कोकणातले कोळी त्यासाठी ऐनाची साल वापरत. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. जिवाणू आणि बुरशीची एन्झाइम्स ही प्रथिनंच, त्यामुळे तीही निकामी होतात. पण टॅनिन धुपतं, म्हणून जाळी पुन्हा पुन्हा रंगवावी लागत. नायलॉन आलं आणि हे काम संपलं.

डेन्मार्कच्या दलदलीत 1950 मध्ये सुमारे 2400 वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्वचा कमावलेल्या चामड्यासारखी. साहजिकच श्रेय टॅनिनला गेलं. पण स्फॅग्नम शेवाळात खरं टॅनिन नसतं. टेरेन्स पेंटर यांनी 1991 मध्ये या शेवाळाच्या पेशीभित्तिकेतल्या 'स्फॅग्नन' या कर्बोदकाकडे बोट दाखवलं. तेही प्रथिनांना बांधून ठेवतं. शिवाय हे शेवाळ भोवतालचं पाणी आम्लयुक्त करतं. 2001 मध्ये ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा मांडला: फिनॉल मोडणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो. पाण्याखाली तो नसतो, फिनॉल साचतात आणि कुजवणारी इतर एन्झाइम्स थंडावतात.

आम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या भाषेत ही 'अँड' अट आहे: रसायन हवं आणि वर्षभर पाणीही हवं. आमच्या सड्यावर पाऊस चार महिन्यांचा. नंतर जांभ्यातून पाणी निघून जातं, हवा शिरते आणि उन्हात कुजणं वेगानं होतं.

दलदलीत चर खणले की तिथेही हेच घडतं. पीटभूमी जगाच्या जमिनीच्या जेमतेम तीन टक्के, पण तिच्यातला कार्बन सगळ्या जंगलांतल्या झाडाझुडपांपेक्षा जास्त. पाणी उतरलं की तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणून युरोपात आता अनेक ठिकाणी जुने चर बुजवताहेत. कोळ्याचं जाळं पुन्हा रंगवता येई. गेलेला थर परत साचायला मात्र हजारो वर्षं लागतात.