पेटीच्या दाराशी

मधमाश्यांचे पोळे न उघडता, केवळ बाहेरून पाहून त्याची प्रकृती ओळखण्याची विद्या फार जुनी आहे. तिचा इतिहास वाचताना जाणवते, की ती खरे तर वाचनाचीच एक रीत आहे. चिन्ह बाहेर दिसते, अर्थ आत दडलेला असतो; आणि चिन्ह अचूक टिपणारा अर्थही अचूक सांगेलच असे नाही.

रोमन कवी व्हर्जिल याने इ.स.पू. 29 च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'जॉर्जिक्स' या कृषिकाव्याचा चौथा सर्ग मधमाश्यांविषयी आहे. त्यात आजारी वसाहतीची लक्षणे येतात: माश्यांचा रंग पालटतो, अंग रोडावते, मेलेल्या माश्या बाहेर काढल्या जातात, काही पायांत पाय गुंतवून उंबरठ्याशी लटकून राहतात, गुंजारव खर्जात उतरतो. आजच्या मधपाळालाही यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. पण हाच व्हर्जिल राणीमाशीला राजा समजतो आणि बैलाच्या कुजत्या कलेवरातून माश्या उपजतात असेही सांगतो. डोळा खरा, उपपत्ती खोटी. आपल्याकडच्या प्राचीन ग्रंथांतील 'विज्ञाना'वर वाद घालताना ही विभागणी क्वचितच केली जाते. असो.

युरोपात शतकानुशतके मधमाश्या गवताच्या पेंढ्याने विणलेल्या, पालथ्या टोपल्यांत पाळल्या जात. पोळे टोपलीलाच चिकटलेले असल्याने ते मोडल्यावाचून आत पाहणे दुरापास्त. म्हणून टोपली हाताने उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा आणि कान लावून ऐकायचे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक चार्ल्स बटलर याने 'द फेमिनिन मोनार्की' (1609) या ग्रंथात थव्याने बाहेर पडण्याआधी राणीमाश्या काढतात तो आवाज संगीतलिपीत उतरवला. 1623 च्या आवृत्तीत तर त्याने त्यावरून चार स्वरांचे गीतच रचले! हौसेचा भाग सोडला तरी त्याचे कान पक्के होते. पहिला थवा निघून गेल्यावर हा आवाज ऐकू आला, की दुसरा थवा निघण्याची शक्यता बरीच असते.

पुढे अमेरिकेत लँगस्ट्रॉथ याने 1852 मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. पोळे आता पुस्तकाच्या पानांसारखे एकेक उचलून पाहता येऊ लागले. तरीही दाराशी बसणे संपले नाही. जर्मन मधपाळ स्टॉर्च याने याच एका विषयावर पुस्तक लिहिले. 1985 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. पेटी वारंवार उघडली की आतली ऊब मोडते आणि माश्यांच्या कामात व्यत्यय येतो, त्यामुळे बाहेरच्या खुणांना मोल आहेच. मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या सातत्याने परतत असतील, तर आत बहुधा अळ्या वाढत आहेत. कारण पराग मुख्यतः अळ्यांच्या पोषणासाठी लागतो. अळ्या आहेत त्या अर्थी राणी अंडी घालते आहे. थंड प्रदेशात हिवाळ्याच्या तोंडावर नर माश्यांना हाकलून दिले जाते. तसे झाले नाही, तर राणी नसल्याची शंका घ्यावी. दारात खडूच्या तुकड्यांसारख्या कडक, पांढुरक्या अळ्या पडलेल्या असतील, तर बुरशीचा रोग. कार्यकारणाची साखळी अशी आखूड असते, तिथे ही विद्या सहसा दगा देत नाही.

साखळी लांबली की काय होते, हे आइल ऑफ वाइट या इंग्लिश बेटावर दिसले. 1906 मध्ये तिथल्या पेट्यांसमोर माश्या गवतावर रांगताना दिसू लागल्या. त्यांना उडता येत नव्हते. पोट फुगलेले, पंख वेडेवाकडे पसरलेले. वसाहती नष्ट झाल्या. पुढल्या काही वर्षांत अशाच तक्रारी ब्रिटनभरातून आल्या आणि 'आइल ऑफ वाइट रोग' हे नाव रूढ झाले. 1912 च्या सरकारी अहवालाने नोसेमा या परजीवीवर ठपका ठेवला. 1921 मध्ये ॲबर्डीनच्या रेनी आणि सहकाऱ्यांनी माशीच्या श्वासनलिकेत राहणारा सूक्ष्म कोळीवर्गीय जीव दोषी ठरवला. शोध अस्सल होता. त्याचा धसका एवढा, की 1922 मध्ये अमेरिकेने मधमाश्यांच्या आयातीवर निर्बंध घालणारा कायदा केला.

मग रोथॅमस्टेडचे संशोधक बेली यांनी हे प्रकरण पुन्हा उघडले. 1963 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी माश्यांना पक्षाघात करणारा विषाणू वेगळा केला. त्याची लक्षणे 1906 च्या वर्णनांशी विलक्षण जुळत होती. दुसऱ्या वर्षीच्या लेखात तर त्यांनी या रोगाला दंतकथाच म्हटले. रांगणारी माशी विषाणूने रांगते, तशी इतर कारणांनीही रांगते. पण नाव एकदा हाती आल्यावर दरेक मेलेली वसाहत त्याच खात्यावर मांडली गेली. जुन्या टीकेत 'ऱ्हास' या शब्दाने हेच काम केलेले आहे, हे मराठीच्या प्राध्यापकांना वेगळे सांगायला नको.

आज दारासमोर रांगणाऱ्या माश्या दिसल्या, की जाणता मधपाळ त्यातल्या तीसेक उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो किंवा तपासणीला पाठवतो. श्वासनलिका काळवंडल्या आहेत का, हे तिथे कळते. पक्षाघाताच्या विषाणूसाठी तेवढ्याने भागत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.