शुकाच्या गावातील पाखरे : पाळावीत कोणती, ओळखावीत कशी?

सांगली जिल्ह्यातील आटपाडी हे गाव शुक ओढ्याच्या काठी वसले आहे. खानापूर आणि आटपाडी या दोन तालुक्यांच्या सीमेवरील डोंगरात शुकाचार्यांचे स्थान आहे. व्यासपुत्र शुकाने परीक्षित राजाला भागवत ऐकवले, ही कथा महाराष्ट्राला परिचित आहे. शुक म्हणजे पोपट. ज्या परिसराने पोपटाचे नाव ओढ्याला आणि डोंगराला दिले, त्याच परिसरात, आणि राज्यातील बहुतेक गावांत व शहरांत, दाराशी टांगलेल्या पिंजऱ्यातला हिरवा राघू ही एकेकाळी घराची शोभा मानली जाई. आजही अनेकांना हा राघू पाळणे कायद्याने गुन्हा आहे याची कल्पना नसते.

पक्षी पाळण्याची हौस वाईट नाही. मात्र कोणता पक्षी पिंजऱ्यातला आणि कोणता रानातला, हा भेद आधी समजून घ्यायला हवा. तो समजला की पाळलेल्या पाखराची निगाही नीट राखली जाते आणि रानातल्या पाखराला त्याचे रान मिळते.

राघू पिंजऱ्यात का नको?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातील रानपक्ष्यांना संरक्षण दिले आहे. या कायद्यातील 'शिकार' या शब्दाचा अर्थ केवळ जीव घेणे असा नाही. पक्षी पकडणे, जाळे किंवा फासे लावणे, अंडी काढणे आणि घरटे मोडणे हेही शिकारीतच मोडते. गळ्याभोवती गुलाबी-काळे वलय असलेला नेहमीचा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट, जांभळट लाल डोक्याचा टोई पोपट, मैना, मुनिया, तितर आणि लावा हे सारे संरक्षित आहेत. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने उपद्रवी प्राण्यांची जुनी अनुसूची रद्द केली. त्यामुळे पूर्वी त्या यादीत असलेल्या कावळ्यालाही आता संरक्षण आहे. सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायद्यामागचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पोपट झाडाच्या ढोलीत घरटे करतो. हिवाळा सरताना पिल्ले जन्मतात आणि त्याच सुमारास ती ढोलीतून काढून विक्रीला नेली जातात. डोळेही नीट न उघडलेली पिल्ले टोपलीत कोंबून दूरवर नेताना अनेक दगावतात. म्हणजे बाजारात दिसणाऱ्या एका पोपटामागे न दिसणारी किती तरी मेलेली पिल्ले असतात.

ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे असा पोपट आहे, त्यांनी तो एकाएकी उडवून देऊ नये. पंख कापलेल्या आणि आयत्या दाण्याची सवय झालेल्या पक्ष्याचा बाहेर निभाव लागत नाही. वनविभागाशी संपर्क साधून तो सुपूर्द करणे हाच योग्य मार्ग होय.

पाळण्याजोगे पक्षी

पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच पैदास झालेले काही परदेशी पक्षी पाळता येतात. बजरीगर, ज्याला आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून चुकीने विकले जाते, हा मूळचा ऑस्ट्रेलियातील छोटा पोपट. तो साधारण १८ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि पाच ते आठ वर्षे जगतो. चोचीच्या वरचा मांसल भाग प्रौढ नरात बहुधा निळा, तर मादीत तपकिरी असतो. कॉकाटील हाही ऑस्ट्रेलियाचाच. डोक्यावर तुरा असलेला हा शांत पक्षी पंधरा ते वीस वर्षे साथ देतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. तो देखणा असला तरी भांडखोर असल्याने त्याला इतर जातींबरोबर ठेवू नये. झेब्रा फिंच हा चिमणीहून लहान पक्षी हातावर फारसा येत नाही, पण त्याचा किलबिलाट मन रमवतो.

परदेशी पक्ष्यांनाही नियम आहेतच. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या जाती बाळगणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश २.०' या संकेतस्थळावर नोंदणी करावयाची असते. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या परिशिष्टांत नाहीत. इतर लव्हबर्ड, मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारखे पक्षी मात्र आहेत. त्यामुळे असा पक्षी घेताना विक्रेत्याकडून पावती आणि कागदपत्रे मागून घ्यावीत.

खिलार पारखावे तसे पाखरू पारखावे

आटपाडी तालुक्यातील खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे येणारा शेतकरी खोंडाचे दात पाहतो, शिंगे, खूर आणि भोवरे पाहतो, त्याला चालवून बघतो आणि मगच बोलणी सुरू करतो. पक्षी घेणारा शहरी ग्राहक मात्र रंगावर भुलतो आणि पाच मिनिटांत पिंजरा हाती घेऊन निघतो.

निरोगी पक्ष्याचे डोळे पाणीदार व स्वच्छ असतात. नाकपुड्या कोरड्या असतात, पिसे अंगालगत बसलेली असतात आणि शेपटीखालचा भाग विष्ठेने बरबटलेला नसतो. छातीचे हाड सुरीसारखे वर आलेले असेल तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे असे समजावे. पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेले, श्वासागणिक शेपटी वरखाली करणारे पाखरू दया येऊनही विकत घेऊ नये. त्याच पिंजऱ्यातील इतर पक्ष्यांनाही आजाराची लागण झालेली असू शकते. घरी आधीचे पक्षी असतील तर नवा पक्षी किमान तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा.

पिंजरा, दाणा आणि दुखणे

पक्षी आडवा उडतो, उभा नव्हे. म्हणून पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा. बजरीगरच्या जोडीला किमान ६० सेंटिमीटर लांबीचा पिंजरा हवा, त्याहून मोठा मिळाल्यास उत्तम. गजांमधील अंतर बारा मिलिमीटरपेक्षा अधिक नसावे. गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्यांऐवजी पेरू किंवा कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या बसवल्या तर पायांना व्यायाम मिळतो. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. फार तापलेल्या नॉनस्टिक भांड्यातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूरही त्यांना सोसत नाही.

केवळ दाण्यावर पक्षी जगतो, पण निरोगी राहत नाही. राळे आणि बाजरी यांच्या जोडीला कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर, मक्याचे कोवळे कणीस आणि अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. चुन्यासाठी समुद्रफेस टांगावा. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारट पदार्थ आणि अॅव्होकॅडो कधीही देऊ नयेत. पाणी रोज बदलावे, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणारा, पंख अंगापासून दूर धरणारा पक्षी उकाड्याने हैराण झालेला असतो. त्याला तत्काळ सावलीत हलवावे.

पक्षी आपले दुखणे लपवतो, कारण रानात दुबळा दिसणारा पक्षी प्रथम शिकार होतो. म्हणून लक्षणे दिसेपर्यंत आजार बळावलेला असतो. तळाशी बसून राहणे, विष्ठेचा रंग बदलणे, आवाज बंद होणे यांपैकी काहीही दिसल्यास पशुवैद्यकाला त्याच दिवशी दाखवावे. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे पिंजरा साफ करताना विष्ठा आधी ओली करावी, नाकातोंडावर कापड बांधावे आणि नंतर हात धुवावेत.

माळावरील पाखरांची ओळख

ज्याला पक्ष्यांचा खरा छंद आहे त्याच्यासाठी माणदेशचा माळ हाच मोठा पिंजरा आहे, आणि त्याला दार नाही. आटपाडी तालुक्यातील माडगुळे गावचे लेखक व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी शिकारीत रमत. पुढे ते निरीक्षण आणि चित्रवही घेऊन रानात हिंडले. हा प्रवास कोणालाही करता येण्याजोगा आहे.

पक्षी ओळखताना रंगापेक्षा आकार, चोच, चाल आणि जागा आधी पाहावी. उघड्या माळावर थोडे धावून थांबणारा, मग वाकून पुन्हा धावणारा तांबूस पक्षी दिसला तर तो धाविक. त्याच्या डोळ्यावरून काळी व पांढरी पट्टी जाते. टिटवीच्या डोळ्यापुढची मांसल पाळी लाल असते, तर कोरड्या माळावरील माळटिटवीची पिवळी. सरळ वर उडून कोलांटी घेतल्यासारखा खाली येणारा, काळ्या पोटाचा चिमणीएवढा पक्षी म्हणजे डोंबारी. डोक्यावर तुरा असलेला तो चंडोल. बाभळीच्या काट्याला नाकतोडा टोचून ठेवलेला दिसला तर जवळपास खाटीक आहे असे जाणावे.

सकाळी ठरलेल्या वेळी थव्याने पाणवठ्यावर येणाऱ्या पखुर्ड्या हे माळाचे वैशिष्ट्य. पखुर्डीचा नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून, ते पाणी दूरवरच्या पिल्लांपर्यंत नेऊन पाजतो. दुष्काळी मुलखात जगण्याची याहून बोलकी रीत सापडणे कठीण. हिवाळ्यात ज्वारीच्या शिवारावर गुलाबी अंगाच्या भोरड्या उतरतात, गवतावरून तरंगत भोवत्या ससाणे फिरतात आणि राजेवाडीच्या ब्रिटिशकालीन तलावासारख्या पाणवठ्यांवर बदके व इतर पाहुणे पक्षी येतात.

यांतील अनेक पक्षी जमिनीवरच, उघड्यावर अंडी घालतात. अंडी खड्यांच्या रंगाची असल्याने दिसत नाहीत आणि पायाखाली जातात. टिटवी डोक्यावरून आरडाओरडा करू लागली की पाऊल जपून टाकावे आणि मागे फिरावे. घरट्याचे छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा.

गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत या पाखरांना सर्वांत घातक ठरली आहे. माळढोकासाठी नान्नज परिसरात १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, तरीही तो पक्षी महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला. टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी आले आणि आटपाडीच्या शेतकऱ्याला दिलासा मिळाला. डाळिंबाच्या बागा वाढल्या आणि त्यांच्यावर पक्ष्यांपासून बचावाची जाळीही आली. ती जाळी सैल राहिली तर पाखरे तिच्यात अडकून तडफडतात. ताणून बांधलेली, सहज दिसणारी जाळी फळही राखते आणि पाखरूही.

पिल्लू सापडले तर

पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू बहुधा हरवलेले नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्यापासून दूर, जवळच्या झुडपावर ठेवून लांबून लक्ष ठेवावे. पिसे नसलेले पिल्लू पडले असेल तर ते घरट्यात परत ठेवावे. घरटे मोडले असल्यास छोटी टोपली त्याच झाडाला बांधावी. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लू टाकते, ही समजूत खरी नाही.

जखमी पक्ष्याला हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दूध-पाव, भात काहीही भरवू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून लवकरात लवकर पक्षी सुपूर्द करावा.

उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर सावलीला मातीचे उथळ परळ ठेवावे. पाण्यात एक दगड टाकावा, म्हणजे लहान पाखरांना पाय टेकता येतो. परळ रोज घासून भरावे. त्यासाठी परवाना लागत नाही की पिंजरा, आणि काही दिवसांत त्या काठावर येणारा राघू स्वतःच्या मर्जीने आलेला असतो.