हवेतल्या वाहतुकीची शिस्त

घरातले मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही एकाच वायफायवर चालतात, तरी त्यांच्या संदेशांची सरमिसळ होत नाही. या शिस्तीचे मूळ हवाई बेटांवर आहे.

१९६८मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरची केंद्रे रेडिओने ओआहू बेटावरच्या मुख्य संगणकाला जोडण्याचे काम हाती घेतले. जून १९७१मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झाले. टर्मिनलवर बसलेला माणूस अधूनमधूनच काही टंकतो. प्रत्येकाला वेळ नेमून दिली असती तर बरीचशी फुकट गेली असती. म्हणून अब्रॅमसन यांनी सर्वांना एकच वारंवारिता दिली आणि नियम सोपा ठेवला : संदेशाचे पाकीट तयार झाले की पाठवा, पोच आली नाही तर ते दुसऱ्या पाकिटावर आदळले असे समजा, थोडे थांबा, पुन्हा पाठवा. किती थांबायचे हे मात्र प्रत्येकाने यदृच्छेने ठरवायचे. दोघे सारखेच थांबले, तर पुन्हा आदळणारच.

या मोकळिकीची किंमत मोठी होती. गणिताने वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता उपयोगी पडत होती. १९७२मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी काळाचे समान तुकडे पाडले आणि पाकीट तुकड्याच्या आरंभीच निघावे असे सुचवले. अर्धवट टकरा टळल्या, मर्यादा दुप्पट होऊन सुमारे ३७ टक्क्यांवर गेली. रॉबर्ट मेटकाफ यांनी अलोहानेटचा अभ्यास करून १९७३मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत तारेवरचे ईथरनेट मांडले. त्यात टक्कर वारंवार झाली की थांबण्याची मुदतही वाढत जाते, म्हणून गर्दीत नवी भर पडत नाही.

बोलण्याआधी कानोसा घेण्याच्या पद्धतीचा सखोल हिशेब लेनर्ड क्लाइनरॉक आणि फुआद टोबागी यांनी १९७५मध्ये मांडला. तिची उणीवही त्यांनीच दाखवली : एकमेकांना ऐकू न येणारी दोन केंद्रे मधल्या तिसऱ्याशी एकाच वेळी बोलू लागली, तर कानोसा घेऊनही टक्कर होते. १९९०मध्ये फिल कार्न या हौशी रेडिओवाल्याने त्यावर तोड सुचवली. आधी छोटा संदेश पाठवून परवानगी मागायची. ती देणाऱ्याचे उत्तर ऐकून आसपासच्यांनी गप्प राहायचे.

१९९७च्या पहिल्या वायफाय मानकात कानोसा, यदृच्छ प्रतीक्षा, वाढती मुदत आणि गरजेनुसार परवानगी हे सारे एकत्र आले. पुढे वायफाय ६मध्ये राउटर स्वतःच वारंवारितेचे वाटे पाडून एकाच वेळी अनेक यंत्रांना देऊ लागला.

याचा उपयोग आपल्यालाही आहे. इमारतीत शेजाऱ्यांचे राउटर आपल्याच वाहिनीवर असतील, तर ते आपल्यासाठी आणि आपण त्यांच्यासाठी थांबतो. म्हणून वायफाय मंदावले तर महागडा प्लॅन घेण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये कमी गर्दीची वाहिनी निवडून पाहा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींच्या आड येत नाहीत.