सोलापूर नगरपालिकेचे 40 रुपये आणि आपली घरपट्टी

सोलापूर नगरपालिकेचा इतिहास सांगायला घेतला की 6 एप्रिल 1930 ला तिच्या इमारतीवर फडकलेला तिरंगा आणि पाठोपाठ आलेला मार्शल लॉ, एवढ्यावरच गाडी थांबते. चार हुतात्म्यांबद्दल आम्हालाही आदर आहे. पण त्याच नगरपालिकेने त्याच्या पाच वर्षे आधी केलेला एक खर्च कुठल्याच भाषणात येत नाही. 20 जुलै 1924 ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 4 जानेवारी 1925 ला सभेने सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या जेवणाखाण्याचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला. या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिकेने 40 रुपयांचे अनुदान दिले.

रक्कम लहान आहे. पण तिला कुणी दान म्हणू नये. नगरपालिकेच्या तिजोरीत येणारा पैसा आभाळातून पडत नव्हता. घरपट्टी मालक भरतो हे कागदावर ठीक आहे; ती तो भाड्यात मिळवून भाडेकरूकडून वसूल करतो. गिरणीत राबून खोलीचे भाडे देणारा मजूर हा करदाताच होता, फक्त पावती दुसऱ्याच्या नावाने फाटत होती. आपल्याच पैशातला थोडासा भाग आपल्या पोरांच्या ताटात परत आला, असाच त्या 40 रुपयांचा अर्थ आम्ही लावतो.

हा हिशेब आधी मांडला तो जोतीराव फुल्यांनी. 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला सुनावले की शेतकऱ्यांच्या घामातून उभा राहणारा पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि रयतेच्या पोरांना प्राथमिक शाळाही मिळत नाही. ते स्वतः पुणे नगरपालिकेत सभासद होते, त्यामुळे पैसा कुठून येतो आणि कुठे जिरतो हे त्यांनी आतून पाहिले होते.

पैसा आपला असूनही तो कुठे खर्च व्हावा हे आपण का ठरवू शकलो नाही? कारण मत देण्याचा हक्कच मालमत्तेला आणि भरलेल्या कराला बांधलेला होता. ज्याच्या नावावर घर, त्याला मत. 1919 मध्ये साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी या गाठीवर बोट ठेवले. अस्पृश्याला धंदा करू द्यायचा नाही, म्हणून त्याच्याकडे मालमत्ता नाही. आणि मालमत्ता नाही म्हणून मत नाही. जातीने आधी लुटायचे आणि मग त्या लुटीलाच अपात्रता ठरवायचे, असा हा सरळ व्यवहार होता. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. बाबासाहेब मुळात सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक होते, हे आपलेच कार्यकर्ते विसरतात. 1927 साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसुलावर टीका केली ती याच नजरेने: शेतकरी लहान असो की मोठा, त्याची ऐपत न बघता आकारणी होते.

मत नसले की काय होते ते महाडने दाखवले. बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला आणि सत्याग्रहानंतर ऑगस्ट 1927 मध्ये तोच ठराव मागे घेतला. दोन्ही वेळा हात वर करणारे कोण होते ते वेगळे सांगायला नको.

आज मत आहे. 1 मे 1964 पासून सोलापुरात महापालिका आहे. जकात गेली, एलबीटी आली आणि गेली, जीएसटी आला. आता महापालिकेच्या हातात स्वतःचे म्हणावे असे मोठे उत्पन्न मिळकत कराचेच उरले आहे. म्हणून वसुलीचा जोर वाढतो आणि तो कुणाच्या दारात आधी पोचतो ते बुधवार पेठेतल्या किंवा सेटलमेंटमधल्या माणसाला विचारा. सेटलमेंट म्हणजे ती वस्ती, जिथे 'गुन्हेगार जमाती' कायद्याखाली माणसांची हजेरी घेतली जायची.

कर ठरतो कसा? घर भाड्याने दिले तर वर्षाला किती वाजवी भाडे येईल ते धरायचे, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे, उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर, मग पाणी, मलनिस्सारण, शिक्षण वगैरे. चढत्या दराने कर लावण्याची मुभा कायद्यात आहे, म्हणजे बंगल्याला जास्त आणि खोलीला कमी टक्का लावता येतो. शहरात कितीतरी भागांत पाणी काही दिवसांआड येते, पाणीपट्टी मात्र पूर्ण वर्षाची असते. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला 24. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 मध्ये माफ झाला. सोलापूरच्या विडी कामगाराची खोली किती चौरस फुटांची असते?

आकारणीची नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पुढे न्यायालयात अपील करायला वादातली रक्कम आधी भरावी लागते, आणि तिथेच गरीब माणूस थांबतो. दुसरी गोष्ट, कराची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. वीस वर्षे पट्टी भरूनही रमाई आवासच्या अर्जाला जागेचा कागद नाही म्हणून तो परत येतो. कर घेताना घर दिसते, घरकुल देताना दिसत नाही.

जिल्ह्यातल्या खेड्यांसाठी त्या 40 रुपयांचा वारस आजही नियमात आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के आणि जिल्हा परिषदेने 20 टक्के मागासवर्गीयांच्या कामावर खर्च करायचे आहेत. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत ज्या गावात आपली शाखा आहे, तिथे येत्या ग्रामसभेत मागच्या तीन वर्षांचे 15 टक्के कुठे गेले ते विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका.