प्राचीन खोल सागरी प्रवाह

प्राचीन खोल सागरी प्रवाहांचा अभ्यास हा पुरासागरविज्ञानाचा एक भाग आहे. वाहून गेलेले पाणी परत मोजता येत नाही. म्हणून समुद्रतळाच्या गाळात त्याने सोडलेल्या खुणांवरून त्याचे मूळ, मार्ग व वेग यांचे अनुमान केले जाते.

पद्धती

तळावर राहणाऱ्या फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांतील कार्बन-१३ चे प्रमाण मोजणे ही जुनी पद्धत आहे. मात्र हे प्रमाण प्रवाहांप्रमाणेच पृष्ठभागावरील जीवसृष्टीमुळेही बदलते. निओडिमियमच्या समस्थानिकांवर जीवसृष्टीचा असा परिणाम जवळजवळ होत नाही. उत्तर अटलांटिकभोवतालचे खडक अतिप्राचीन, तर पॅसिफिकभोवतालचे तुलनेने तरुण व ज्वालामुखीजन्य असल्याने दोन्हीकडच्या पाण्यात या मूलद्रव्याची वेगवेगळी ओळख उतरते. गाळाच्या कणांचा आकार प्रवाहाच्या वेगाचा निदर्शक असतो. कोणतीही एक खूण पुरेशी नसते. नद्यांनी आणलेला गाळ निओडिमियमचीही दिशाभूल करू शकतो.

हिंदी महासागरातील पुरावा

हिंदी महासागराची उत्तर बाजू आशिया खंडाने बंद केलेली आहे. तेथे तळापर्यंत बुडेल इतके जड पाणी तयार होत नाही. ते दक्षिणेकडून येते आणि त्यात उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेल्या पाण्याचाही वाटा असतो. मालदीवच्या पूर्वेस सुमारे ३,८०० मीटर खोलीवरून 'सागर कन्या' या भारतीय संशोधन नौकेने आणलेल्या गाळाच्या गाभ्यात (एसके१२९-सीआर२) गेल्या सुमारे दीड लाख वर्षांची नोंद आहे. केंब्रिज विद्यापीठ आणि गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी त्याचे विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध केले. हिमयुगाच्या काळात अटलांटिकच्या पाण्याचा हा वाटा घटला होता, असे त्यातील निओडिमियम सांगते. अटलांटिकमधील घडामोड इतक्या दूरच्या तळावर नोंदली जावी, ही या पुराव्याची विशेष बाब होय.

हवामानाशी संबंध

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या परमावधीत, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे १९० होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० झाले. मधल्या काळात खोल समुद्रात साठलेला कार्बन हवेत परतला, असे मानले जाते.

मान्सूनचा संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. उत्तर अटलांटिक थंड पडला त्या कालखंडांत, पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरील अरबी समुद्रात सेंद्रिय द्रव्य कमी असलेले फिकट थर साचले. उन्हाळी वारे मंदावल्याने तळाकडील पोषक पाणी वर येईनासे झाले, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. परंतु दोन घटना एकाच काळी घडल्याने त्यांतील कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अटलांटिकचे अभिसरण पुढे मंदावल्यास भारतीय पावसाचे काय होईल, याचा अंदाज देणारी संगणकीय प्रारूपे याच नोंदींशी ताडून पाहिली जातात.